खिडकी नसलेली खोली

एका गावात एक खोली होती. राजा-राणीची गोष्ट हवी असेल त्यांनी दुसरीकडे जावं. या गोष्टीत खोलीच मोठी आहे. दगडामातीची, दहा पावलं लांब, एक दार आणि खिडकी एकही नाही. भर दुपारी आत गेलं तरी स्वतःचा हात दिसत नसे. आत एक कणगी होती. बांबूची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली, कमरेएवढ्या उंचीची धान्याची कणगी.

दर सोमवारी दुपारी गावातली प्रत्येक बाई त्या खोलीत जायची. पाटलीण जायची, सुतारीण जायची, दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाणारीही जायची. पदराखाली परडी झाकून एकेकीनं आत शिरायचं, मोठ्यानं एक ओवी म्हणायची आणि ओवी संपली की बाहेर यायचं. जिच्या घरी असेल तिनं कणगीत टाकावं, जिच्या घरी नसेल तिनं कणगीतून घ्यावं. ओवी सगळ्यांची सारखीच लांब, त्यामुळे आत कुणाला किती वेळ लागला यावरूनही काही कळायचं नाही. बाहेर बसलेल्या बायांनी येणारीच्या पदराकडे बघायचं नाही, असा दंडक होता. बघायचंच असेल तर समोरच्या पिंपळाकडे बघायचं.

कुणी दिलं आणि कुणी घेतलं, हे त्या गावात कधी कुणाला कळलं नाही. एका दुष्काळात खुद्द पाटलीणबाईंनी घेतलं होतं म्हणे. 'म्हणे'च म्हणायचं, कारण बघितलेलं कुणीच नव्हतं.

त्यामुळे एक झालं. दुसरीच्या दारात उभं राहून 'वाटीभर पीठ दे गं' म्हणायची पाळी त्या गावात कुणावर आली नाही. आज्या-पणज्यांपासून आली नाही. मागायचं कसं, हेच बाया विसरून गेल्या. आणि शेजारणीच्या चुलीवर काय शिजतंय ते डोकावून बघणं तिथे चोरीइतकं वाईट समजलं जाई. सवय चांगलीच होती, खोली अंधारी होती तोवर.

खोली सारवायचं आणि दार उघडायचं काम हौसाक्काकडे होतं. हौसाक्का म्हातारी होती, तोंडानं फटकळ होती आणि पोटात गोष्ट ठेवण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

पुढे त्या गावात नगराहून एक मंडळ आलं. मंडळाचं नाव इतकं लांब होतं की पाटीवर दोन ओळींत लिहूनही शेवटचं अक्षर कडेला चेंगरलं होतं. गावानं त्याला नुसतं 'मंडळ' म्हणून टाकलं. बायांची, पोरांची आणि सगळ्या गावाची उन्नती करायची, हे त्याचं काम. आणि खोटं कशाला बोला, मंडळानं काम चांगलं केलं. पोरांसाठी शाळा काढली. बायांना सही करायला शिकवलं. ज्या चावडीची पायरी बाईनं कधी चढायची नाही, त्याच चावडीत दर महिन्याला बायांची सभा भरू लागली. मंडळाच्या बाईसाहेब मायाळू होत्या. कुणाच्याही पोराचं नाक स्वतःच्या पदरानं पुसायच्या. वाईट माणसांनी वाईट केलं असतं, तर ही गोष्ट सांगायचं काही कारणच नव्हतं.

एका सोमवारी बाईसाहेब खोली बघायला आत गेल्या आणि अंधारात कणगीवर आपटल्या. गुडघा चोळत बाहेर आल्या.

"अक्का, आत इतका अंधार कशाला हो?"

"अंधार हाय म्हणून तर खोली हाय, बाई," हौसाक्का म्हणाली.

बाईसाहेब हसल्या. म्हातारी गमतीशीर बोलते, असं त्यांना वाटलं.

त्यांनी खोलीची हकिगत कौतुकानं नगरात लिहून कळवली. नगरातल्या दात्यांना ती फार आवडली. त्यांनी लगेच ज्वारीच्या दहा गाड्या पाठवतो म्हणून निरोप धाडला. फक्त एक म्हणणं होतं. आमची ज्वारी कुणाच्या पोटात गेली ते आम्हाला दिसायला हवं. खोलीला एक मोठी खिडकी पाडा. आम्ही एक चितारी पाठवतो. तो खिडकीपाशी बसेल आणि घेणाऱ्या बायांची चित्रं काढेल. ती आम्ही नगरात लावू. बघून आणखी चार लोकांना द्यावंसं वाटेल.

बाईसाहेबांनी चावडीत सभा बोलावली. "तुमचं गाव, तुमची खोली. मी काहीही लादणार नाही," त्या म्हणाल्या. "निर्णय तुम्हीच घ्यायचा. खिडकी पाडावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. जिचा हात वर जाणार नाही तिलाच अंधार हवा आहे, आणि जिला अंधार हवा ती घेणारी, हे सांगायला कुणी शहाणं लागत नव्हतं. पाटलिणीचा हात वर गेला. मग भराभर सगळ्यांचे गेले.

सगळ्यात मागे अनशी बुरडीण बसली होती. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता. सुपं-टोपल्या विणून ती आपलं आणि आपल्या सहा वर्षांच्या ठकीचं पोट भरायची. पंधरा दिवसांमागे बांबू फोडताना कोयता तिच्या उजव्या अंगठ्यावर बसला होता. हात सुजून चिघळला होता. बांबूची साधी कामटीही धरता येत नव्हती. गेले दोन सोमवार ती रिकामी परडी घेऊन खोलीत गेली होती आणि भरलेली घेऊन आली होती. अर्थात, हे एकट्या तिलाच ठाऊक.

अनशीनंही हात वर केला. चांगला होता तो, डावा.

एकट्या हौसाक्कानं केला नाही.

"अक्का, घेण्यात लाज कसली?" बाईसाहेब समजुतीनं म्हणाल्या. "ताठ मानेनं घ्यायला शिकलं पाहिजे बायांनी."

"प्वाट भरल्यावर मान आपसूक ताठ हुती, बाई. आधी मान ताठ करा म्हटलं तर उपाशी माणूस घरातच बसंल."

"अहो, जुनं ते सगळं सोनं नसतं!" शाळेत जाऊन सही शिकलेली एक सून म्हणाली. सगळ्या हसल्या. अनशीही हसली. कारण न हसणारीकडे लोक बघतात.

आठ दिवसांत भिंत फोडून खिडकी बसवली. दहा गाड्यांतली ज्वारी कणगीत मावेना. पोती भिंतीला लावून ठेवावी लागली. खोली लख्ख उजळली. आणि सोमवारी चितारी खिडकीपाशी रंग कालवून बसला.

पहिली बाई आत गेली. चिताऱ्यानं मान वर केली. बाईनं पदराखालून परडी काढली आणि ज्वारी कणगीत ओतली. दुसरीनंही ओतली. तिसरीनं रात्रीच्या भाकरीची ज्वारी परडीत घालून आणली होती, तिनंही ओतली. त्या दिवशी गावात सगळ्याच बाया देणाऱ्या निघाल्या.

अनशीच्या घरी दोन मुठी ज्वारी उरली होती. ठकी तापानं फणफणली होती. सकाळी तिनं विचारलं होतं, "आये, आज भाकरी करशील?"

"सोमवार हाय न्हवं? खोलीत जाऊन येते, मंग करते," अनशी म्हणाली होती.

रिकामी परडी उजेडात दिसली असती, म्हणून तिनं त्या दोन मुठी परडीत घेतल्या. वाटलं, चितारीही माणूसच आहे. रंगात कुंचला बुडवायला खाली बघेलच की. तेवढ्यात ओंजळभर काढून घेऊ आणि निघू.

ती आत गेली. ओवी म्हणू लागली. चिताऱ्यानं तिच्याकडे बघितलं आणि फाटक्या लुगड्यातला तो रेखीव चेहरा त्याला फार आवडला. "बाई, जरा उजेडाकडे तोंड करा," तो म्हणाला. "असंच. हलू नका."

तो बघतच राहिला. ओवी संपत आली. शेवटच्या शब्दाला अनशीनं परडी उचलली आणि त्या दोन मुठी कणगीत टाकल्या.

मग ती घरी गेली. पोरीला काय सांगितलं असेल, ते मला सांगवत नाही.

पुढच्या सोमवारी अनशी आलीच नाही. ठकी शाळेत का येत नाही म्हणून शाळेच्या बाईंनी विचारलं, तेव्हा 'मामाकडं गेलीया' असं तिनं सांगितलं. बांधावरचा पाला ती उकडून पोरीला घालत होती. पोरीच्या पोटात तो ठरत नव्हता.

इकडे कणगीवर ज्वारीची रास चढत होती. हौसाक्काचा जीव थाऱ्यावर राहीना. ती काठी टेकत बाईसाहेबांकडे गेली.

"बाई, कणगी भरतीया. कुनीतरी उपाशी हाय."

बाईसाहेबांना हसू आवरेना. "अक्का, कणगी भरतेय म्हणजे गावाचं पोट भरलंय! कालपर्यंत घेणाऱ्या बाया आज देताहेत. याहून दुसरं काय हवं होतं आपल्याला?"

"पन्नास वर्सं त्या दाराशी बसले म्या. कणगी दर सोमवारी थोडी तरी खाली जायाची. आता जाईना झालीया. ती भूक गेली कुटं?"

बाईसाहेबांना तो प्रश्नच वाटला नाही. त्या अहवाल लिहीत होत्या. 'या गावात आता एकही गरजू स्त्री उरलेली नाही,' हे वाक्य त्यांनी दोनदा वाचून बघितलं. छान जमलं होतं.

हौसाक्का तिथून उठली ती थेट बुरूड आळीकडे निघाली. अनशी सोमवारी का आली नाही, ते बघून यावं असं तिच्या मनात होतं. ती आळीच्या तोंडापर्यंत गेली. तिथे थांबली. जन्मात तिनं कुणाच्या घरात डोकावून बघितलं नव्हतं. लोक काय म्हणतील, अनशीला काय वाटेल, असं करत करत म्हातारी माघारी फिरली. तिथेच तिचं चुकलं, आणि ते तिला मरेपर्यंत टोचत राहिलं.

त्यानंतर चौथ्या दिवशी ठकी गेली. ताप साधाच होता. अंगात त्राण असतं तर उतरलाही असता.

बाया रडायला गेल्या तेव्हा त्यांनी चुलीपाशी पालथी घातलेली मडकी बघितली. बघितली आणि नजर वळवली. दुसरीचं रिकामं मडकं दिसलं तर त्याबद्दल बोलायचं नाही, हीच तर गावची रीत. कुणीच कुणापाशी बोललं नाही. पोर तापानं गेली, एवढंच बाईसाहेबांच्या कानावर गेलं.

नगरात मात्र एका चित्रानं धमाल उडवून दिली होती. फाटक्या लुगड्यातली बुरडीण कणगीत मूठभर ज्वारी टाकते आहे, असं ते चित्र होतं. गरिबातली गरीब बाई दान करते म्हणून मोठमोठ्या लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या बाईचा सत्कार करायला दात्यांनी जातीनं गावात यायचं ठरवलं. सत्काराचा दिवस नेमका पोरीच्या दहाव्या दिवशी येत होता. बाईसाहेब म्हणाल्या, "तेवढीच बिचारीला उभारी येईल."

खोलीसमोर मांडव पडला. भाषणं झाली. अनशीचं नाव पुकारलं. ती उठून पुढे आली. तिच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. मुख्य पाहुणे म्हणाले, "बाई, दोन शब्द बोला. तुम्हाला काय वाटतं ते अगदी मोकळेपणानं सांगा."

अनशीनं शाल काढून घडी घातली आणि नारळासकट खाली ठेवली.

"माझ्या दोन मुठी परत द्याल का?" ती म्हणाली. "पोरीचा धावा दिस हाय आज. तिला भाकरीचा घास ठिवायचा हाय. भाकरी करते म्हनून सांगून आले हुते मी तिला, त्या सोमवारी."

सत्काराचं चित्र काढायला आलेला चितारी मांडी घालून बसला होता, त्याच्यानं कुंचला उचलवेना. पाहुण्यांनी बाईसाहेबांकडे बघितलं. बाईसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. अहवालातलं ते वाक्य त्यांच्या डोळ्यांपुढे आलं असावं.

"अगं, दोन मुठी काय, सगळी कणगी ने!" त्या कशाबशा म्हणाल्या.

"सगळी काय करू? खाणारी कुटं हाय?"

अनशी खोलीत गेली. सगळ्या गावादेखत, लख्ख उजेडात, तिनं मोजून दोन मुठी घेतल्या. पदराखाली न झाकता, उघड्या हातांनी. बाहेर आली तेव्हा बाया पिंपळाकडे बघत होत्या. दुसऱ्या दिवशी तिच्या दाराला कडी होती. ती कुठे गेली ते कुणाला कळलं नाही.

बाईसाहेब आठ दिवस जेवल्या नाहीत असं म्हणतात. त्यांनी स्वतः उभं राहून खिडकी बुजवून घेतली. खोली पुन्हा पहिल्यासारखी काळोखी झाली. पण बायांच्या नजरेला आता सवय लागली होती. आत जाणारीची परडी जड आहे की हलकी, ते त्या चालीवरून ओळखू लागल्या. ओवी म्हणताना कुणाचा आवाज अडखळला, यावर पाणवठ्यावर बोलणं होऊ लागलं. वर्षाच्या आत सोमवार बंद पडला. कणगीतल्या ज्वारीला कीड लागली आणि ती ओढ्यात टाकून द्यावी लागली.

मंडळ अजून आहे. चांगलं काम करतं. नगरात ते चित्रही अजून भिंतीवर आहे, आणि ते बघून लोक अजून डोळे पुसतात.

तात्पर्य: दुसऱ्याची भूक आधी जगाला दाखवीन आणि मग भागवीन म्हणणारा भूक भागवत नाही, तो उपाशी माणसाला भूक लपवायला शिकवतो.