चाळीस काजूबियांचा साग

फार जुनी गोष्ट. डोंगरउतारावर दौलू मुंगसाने मातीचं घर बांधलं. भिंतींना बाहेरून लाकडी फळ्या लावायच्या, म्हणून साठवलेल्या चाळीस काजूबिया घेऊन तो सुतारपक्ष्याकडे गेला.

“काका, या सगळ्या बियांचा साग घ्या. वाटेवरची भिंत कशी झळकली पाहिजे!”

काकांनी घराला एक चक्कर मारली. “एवढ्यात सागाची एकच भिंत होईल रे. पाऊस झोडपतो तो मागून, पश्चिमेकडून. तिथे साध्या ऐनाच्या फळ्या लावू, तीस बियांत भागेल. दहा तेलाला ठेव, दरसाल हात फिरवावा लागतो.”

“मागची भिंत बघायला कोण येतंय?” दौलू म्हणाला, आणि पुढे साग चढला. येणारे-जाणारे थांबून बघत. दौलू मुद्दाम दारात बसे.

श्रावणात चार दिवस झड लागली आणि मागची भिंत छपरासकट खाली बसली. दौलूने पिल्लांना कसंबसं ओढून काढलं आणि तो मागच्या चिखलात भिजत उभा राहिला.

पुढे वाटेवर साळिंदरबाई थबकल्या. त्यांना सागाची भिंत तेवढी दिसत होती.

“काय देखणं घर हो, दौलूभाऊ!” त्यांनी हाक मारली. “पाऊस वाढतोय. घटकाभर आत येऊ का?”