इनामदारांची गाडी घाटात

“मग विकू की ठेवू? एवढंच सांगा, बुवा. बाकी काही नको.”

विश्वंभर इनामदार आंबोलीच्या मठात ओसरीवर बसले होते. गडहिंग्लजहून सकाळीच निघून आले होते. अंगणात त्यांची गाडी उभी होती. काळी, लांबलचक, परदेशी. त्यांच्या वडिलांनी, आबासाहेबांनी, ऐन उमेदीत घेतलेली. अख्ख्या तालुक्यात तशी दुसरी नव्हती.

सोमगिरी बुवा सुपात शेंगा घेऊन फोडत होते.

“काय दुखतंय तिचं?”

“काय दुखत नाही ते विचारा! हवेच्या फुग्यांवर तोललेली गाडी ती. रात्री नीट उभी केली तरी सकाळी मागून बसलेली असते. वायरिंग जुनाट. चढ लागला की इंजिन तापतं. साधा रबरी पाइप हवा असला तरी परदेशातून मागवायचा. हात लावणारा मिस्त्री पुण्याला. गेल्या वर्षी तिच्यावर जे घातलं, त्यात नवी छोटी गाडी दारात आली असती.”

“आणि तुझं?”

“माझं काय?”

“तुझं काय दुखतंय?”

इनामदारांनी एकदा गाडीकडे बघितलं.

“झोप लागत नाही, बुवा. उठलो की आधी गाडीखाली वाकून बघतो, तेल गळलंय का. शालन, माझी बायको, गाडीत बसायचीच बंद झालीय. मी कुणाला बोलू देत नाही ना... इंजिनचा आवाज ऐकावा लागतो.”

“मग विकून टाक.”

“अहो, आबासाहेबांची गाडी! इनामदारांची गाडी रस्त्यात बंद पडलेली आजवर कुणी बघितली नाही. ते अभिमानानं सांगायचे.”

“मग ठेव.”

इनामदारांचा चेहरा उतरला. मग आवाज चढला.

“एवढ्या लांबून आलो, ते हे ऐकायला?”

बुवांनी सूप बाजूला सारलं, धोतरावरची टरफलं झटकली.

“चल. घाट उतरून येऊ.”

“घाट? बुवा, उतरताना काही नाही. पण परत चढताना...”

बुवा गाडीत जाऊन बसलेसुद्धा.

उतरताना गाडी लोण्यासारखी गेली. बुवा खिडकीतून दरी बघत होते. इनामदार इंजिनच्या तापमानाचा काटा बघत होते.

पायथ्याला गाडी वळवली. चढ सुरू झाला.

“ते झाड बघितलंस?” बुवांनी विचारलं.

“जरा गप्प बसता का, बुवा...”

बुवा गप्प बसले.

काटा वर सरकला. आणखी सरकला. एका वळणावर बॉनेटच्या फटीतून वाफ आली, मग भसाभस आली, आणि गाडी कडेला घेता घेताच इंजिन बंद पडलं.

इनामदार खाली उतरले. बॉनेट उघडलं, तशी वाफ आणखीच उसळली. खालून एक एसटी आली. खिडक्यांमधून माणसं डोकावली. इनामदार चटकन बॉनेटच्या रस्त्याकडच्या बाजूला आले आणि दोन्ही हात पसरून उभे राहिले. जणू वाफ त्यांच्या पाठीमागे लपणार होती.

एसटी गेली. मागून एक जीप आली. ती हळू झाली.

बुवा सावकाश उतरले. इनामदारांच्या बाहीला धरून त्यांना कठड्याशी नेलं आणि बसवलं. दरीकडे तोंड, गाडीकडे पाठ.

“काय झालं?”

“दिसत नाही का? बंद पडली!”

“मग?”

“मग काय... तापलीय. निवायला हवी.”

“मग?”

“मग पाणी घालायचं.”

“मग?”

“मग... निघायचं.”

बुवाही शेजारी टेकले.

इनामदार दरीकडे बघत राहिले. खाली झाडीत कुठंतरी पाणी वाजत होतं. ते आधीपासूनच वाजत असणार.

“एवढंच,” ते स्वतःशीच म्हणाले.

फोन वाजला. शालनताईंचा होता. इनामदारांनी एकदा बुवांकडे बघितलं, मग फोन कानाला लावला.

“हां... नाही, मठात नाही. घाटात आहे... गाडी बंद पडली.”

ते शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारले होते. पलीकडून काय येतंय, याची श्वास रोखून वाट बघितली.

मग त्यांना हसू फुटलं.

“काय म्हणाली?” बुवांनी विचारलं.

“म्हणाली, बरं. मग जेवायला थांबू की जेवून घेऊ?”

थोडा वेळ दोघं नुसते बसून राहिले. वारा चांगला होता.

“तुझे आबासाहेब या घाटात यायचे का रे?”

“पुष्कळदा. सावंतवाडीला आत्या दिलेली. कार्य म्हटलं की आबासाहेब पहिले हजर.”

“ही गाडी घेऊन?”

“छे. एसटीनं.”

“का?”

“म्हणायचे, कोकणच्या खाऱ्या हवेनं पत्रा गंज...”

इनामदार अर्ध्यावरच थांबले.

कोट, फेटा घातलेले आबासाहेब त्यांना दिसले. एसटीच्या बाकावर, मांडीवर आहेराची पिशवी घेऊन बसलेले. आणि घरी गाडी गोठ्याशेजारच्या छपराखाली, चकचकीत पुसून ठेवलेली.

“घाटात आणलीच नाही कधी. तेही घाबरायचे...” ते हळूच म्हणाले. “बुवा, आबासाहेबही घाबरायचे!”

त्यांनी डोळे पुसले. पण तोंडावर हसू होतं, आणि खांदे सैल सुटले होते, डोक्यावरचा भारा उतरवल्यासारखे.

इंजिन निवलं तेव्हा ऊन वर आलं होतं. फडकं धरून त्यांनी बेतानं झाकण उघडलं, पाणी ओतलं. गाडी पहिल्याच फटक्याला सुरू झाली. वर जाईपर्यंत ते सावंतवाडीच्या आत्याच्या गोष्टी सांगत होते. काटा कुठं आहे, हे त्यांनी बघितलं की नाही, कुणास ठाऊक.

मठाच्या दारात बुवा उतरले.

“बुवा, ठरलं. विकतो.” इनामदारांचा आवाज मोकळा होता. “कोल्हापूरचे एक जण केव्हापासून मागे लागलेत. हौशी आहेत. त्यांच्याकडे तिची आबाळ नाही व्हायची.”

बुवांनी मान डोलावली. ओसरीवर जाऊन सूप पुढ्यात ओढलं. एक शेंग फोडली.

“त्यांना सांग,” ते म्हणाले, “घाटात थांबायची जागा चांगली आहे.”