ताळगडची मोरपिसं

दसऱ्याचा दिवस, आणि ताळगडच्या राजाची पालखी सकाळपासून वेशीतच खोळंबलेली. दिवस मावळायच्या आत शिलंगणाला पोचायचं. वाट मोकळी, भोई धडधाकट. पण पुढचे वाजंत्री सरकतील तर ना! कोणाची टिपरी जरा चुकली की सगळे थांबायचे, मागे वेशीत यायचे आणि पहिल्यापासून सुरू.

कायदा राजाचाच. शेवटपर्यंत बिनचूक वाजवलं तर पागोट्यात एक मोरपीस, चुकलं तर एक परत. मध्येच सोडून पहिल्यापासून धरलं तर माफ. चुका पकडायला कानसेन नावाचा कारभारी नेमलेला. मग काय, शहाणे झाले सगळे. जो तो सगळ्यांत सोपा तेवढा एकच ठेका बडवायचा. पागोटी मोरासारखी फुलली आणि वाजवणं सुतारपक्ष्यासारखं झालं.

संबळवाल्या म्हाळूच्या पागोट्यात मात्र एकही पीस नव्हतं. त्याला रोज नवं काही वाजवून बघायची खोड.

शेवटी राजाच विटला. पालखीचा पडदा सारून गरजला, "कोणी कधी ऐकला नाही असा ताल वाजवा. तोही बिनचूक! नाहीतर सगळ्यांची वाद्यं कोठारात."

पिसंवाले एकमेकांच्या पाठीमागे लपायला लागले. एकजण म्हणाला, "म्हाळूला सांगा की, त्याचं काय जातंय?"

"संबळ जातंय, काका," म्हाळूची लेक तुळसा म्हणाली. "तुमचं पीस गेलं तर पागोटं उघडं पडेल, आमचं संबळ गेलं तर चूलच विझेल. पण नाही वाजवलं तरी जाणारच ते. वाजवा हो, आबा."

म्हाळूनं नवाच ताल धरला. पालखी हलली. पण मध्येच एक टिपरी भलतीकडेच पडली.

"चुकला!" कानसेन ओरडला.

म्हाळूचा हात थबकणार, तोच तुळसा कानाशी लागली, "थांबू नका, आबा. पुढच्या फेरीला तिथंच, तश्शीच मारा."

म्हाळूनं मारली. त्याच्या पुढच्या फेरीलाही मारली. भोयांचे पाय त्या ठोक्यावर लचकायला लागले. पिसंवाल्यांनीही मागून ढोल मिळवले.

"काय हो कानसेन, चूक आहे की ताल आहे?" राजानं विचारलं.

कानसेननं डोकं खाजवलं. "पहिल्या फेरीला चूक होती, महाराज. आता... आता नसली तर चुकल्यासारखं वाटेल."

"पण पहिल्यांदा चुकलाच ना? मग संबळ कोठारात!"

"बरं महाराज," तुळसा म्हणाली, "पण मग आधी तुमच्या डोक्यावरच्या मंदिलातलं पीस काढा. तुमचं बोटही पालखीच्या दांडीवर तिथंच पडतंय, केव्हापासून बघतेय मी."

राजानं बोटाकडे पाहिलं. बोट आपलं दांडीवर वाजतच होतं! राजा असा हसला, असा हसला की भोयांना पालखी सावरावी लागली.

हसता हसताच त्यानं मंदिलातलं पीस उपटून तुळसेच्या वेणीत खोवलं. म्हाळूच्या घरी वर्षाचं धान्य धाडायला सांगितलं. बाकीच्या पागोट्यांतली पिसं गोळा करून त्यांचा मोठा पंखा बांधवला आणि दिला कानसेनच्या हाती.

"घाल वारा," राजा म्हणाला. "म्हाळूला घाम आलाय."