बारा पॉइंटांचा समास

छापखान्यात टिपणीससाहेब व्यवस्थापक म्हणून आले आणि त्यांच्याबरोबर संगणकावरचा कॅल्क्युलेटर आला. त्यात छपाईच्या मापाचे पॉइंट घातले की मिलिमीटर निघत, तेही दशांशचिन्हापुढे आठ आकडे. साहेबांना आठही लागत.

गजाभाऊ कुंभोजकरांनी तीस वर्षे खिळे जुळवले होते. त्यांनी एका पत्रकाला बारा पॉइंटांचा समास सोडला. साहेबांनी तो मोजला.

"कॅल्क्युलेटर ४.२३३३३३३३ म्हणतो. तुमचा ४.३ भरतोय. उद्यापासून गोदामात बसा."

"बसतो, साहेब. जाण्याआधी एकदा बरोबर समास आखून दाखवा, म्हणजे चूक कळेल."

साहेबांनी पेन्सिलीला टोक काढले, पट्टी धरली आणि रेघ ओढली. गजाभाऊंनी तिच्यावर भिंग ठेवले.

"साहेब, ही रेघच अर्धा पॉइंट जाड आहे. माझ्या चुकीच्या दुपटीहून जास्त. समास रेघेच्या अलीकडे संपतो की पलीकडे, तेवढं कॅल्क्युलेटरला विचारता का?"

साहेबांनी विचारण्यासाठी बोट पुढे केले. तशी कळ सापडली नाही.

गजाभाऊ जागेवरच राहिले. गोदामात रवानगी झाली ती पेन्सिलींच्या डब्याची.