मिशीवाला अक्रोडफोड्या

फार जुनी गोष्ट. जर्मन देशातल्या डोंगरात खाणकामगारांचं एक गाव होतं. एके साली खाणीतली चांदी संपली. आता काय, दगड खायचे? पण माणसं मोठी चिवट! त्यांनी कुदळी ठेवल्या, पटाश्या उचलल्या आणि लाकडाची खेळणी करायला घेतली.

त्यांतला एक कारागीर अक्रोडफोडे करायचा. अक्रोडफोड्या म्हणजे लाकडाचा बाहुला. रंगीत डगला, सशाच्या केसांची दाढी आणि हे एवढं मोठं तोंड! पाठीमागची दांडी उचलली की जबडा उघडायचा. तोंडात अक्रोड ठेवून दांडी दाबली की कडाक्! गावाची रीत अशी, की या बाहुल्याला चेहरा द्यायचा तो राजाचा, शिपायाचा, नाहीतर फौजदाराचा. "एरवी ही मंडळी आपल्याला राबवतात," लोक म्हणायचे, "लाकडाची तरी आपल्यासाठी राबू देत!"

त्या वर्षी कारागिराला लहर आली. त्याने बाहुल्याला थेट जंगलावर देखरेख करणाऱ्या सरकारी साहेबांचाच चेहरा दिला. लोंबत्या मिशा, जाड भुवया, कपाळावर आठ्या. गाव पोट धरधरून हसलं. शेजारच्या आजींचे सगळे दात पडले होते, म्हणून कारागिराने तो बाहुला त्यांना देऊन टाकला.

आणि नेमका निरोप आला, साहेब स्वतः गावात येताहेत! लाकूड तोडायची परवानगी त्यांच्याच हातात. ते चिडले तर हिवाळाभर अख्ख्या गावाला हातावर हात ठेवून बसावं लागणार.

"मिशा तासून टाक," शेजारी म्हणाले, "आणि सांग, हा राजा आहे म्हणून."

तो पटाशी घेऊन आजींकडे धावला. आजींनी बाहुला उराशी धरला. "खबरदार माझ्या साहेबाला हात लावशील तर!"

एवढ्यात दारात खरे साहेब उभे!

"हा कोण?" बाहुल्याकडे बोट दाखवत त्यांनी दरडावून विचारलं.

'राजा' म्हणायला कारागिराने तोंड उघडलं, पण जीभ रेटेना. आपल्याच हाताने केलेलं काम कसं नाकारायचं? आणि तेही आजींच्या देखत?

"तुम्हीच, साहेब," तो म्हणाला. "मिशा चेष्टेनं केल्या, चुकलंच माझं. शिक्षा करायची तर मला करा, गावाला नको. पण जबडा मात्र मनापासून केलाय."

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. आजींना त्याचं काय! त्यांनी बाहुल्याच्या तोंडात अक्रोड ठेवला आणि दांडी दाबली. कडाक्!

"दात गेले आणि अक्रोडाची चवच विसरले होते बघा," आजी म्हणाल्या. "आता रोज तुम्ही फोडून देता. देव तुमचं भलं करो!" आणि अर्धा गर त्यांनी साहेबांच्या हातावर ठेवला.

लोक साहेबांना सलाम करायचे, चळाचळा कापायचे, पण आजवर भलं कुणीच चिंतलं नव्हतं. कारागिराने पाहिलं, साहेबांचे डोळे भरून आले होते. त्यांनी हळूच गर तोंडात टाकला.

"जबडा कशाचा रे हा?" त्यांनी खाकरून विचारलं.

"बीच नावाच्या झाडाचा, साहेब. त्याचं लाकूड टणक असतं. मऊ लाकडाचा जबडा अक्रोडाआधी स्वतःच फुटतो."

"मग यंदा लागतील तेवढी बीचची झाडं घ्या. आणि मलाही असाच एक करून दे. मिशांना हात लावू नकोस!"

तो नवा बाहुला साहेबांच्या कचेरीत, खिडकीत उभा राहिला. पुढे कुणी गरीब माणूस भीत भीत दारात आला की साहेब आधी बाहुल्याकडे बघायचे आणि मग विचारायचे, "बोला, काय फुटत नाहीये तुमच्याच्यानं?"

तेव्हा मुलांनो, तात्पर्य काय? ताकद दुसऱ्यावर डाफरायला नसते; ज्याला जे फुटत नाही, ते त्याला फोडून द्यायला असते.