कुंदावतीची भूक

एका राज्यात मोगरा फार फुले आणि तोंडं फार चालत. राजाचं नाव धवलसेन, राणीचं नाव मेघवती, आणि त्यांची एकुलती एक लेक कुंदावती. त्या राज्याला एक रीत होती. दर वैशाखात भर चौकात तराजू उभा करायचा. एका पारड्यात राजकन्या बसे, दुसऱ्यात मोगरा पडे. पारडी सारखी झाली की फुलं देवीला जात, आणि किती पाट्या लागल्या याची दवंडी गावोगाव फिरे. तुळा होईस्तोवर नगरात कुणी घास घ्यायचा नाही, अशीही एक उपरीत होती. कुणी घातली होती ही रीत? नदीचं मूळ, ऋषीचं कूळ आणि रीतीचा बाप विचारू नये, म्हणून कुणी विचारलं नव्हतं.

कुंदावती लहान होती तोवर सारं ठीक होतं. पोर वाढे, पाट्या वाढत, लोक टाळ्या पिटत. मग ती मोठी झाली, आणि नगराची नजर पाट्यांवरून तिच्या मनगटांवर आली.

"बारीक आहे हो!"

"अंगकाठीच तशी. आत्याच्या वळणावर गेली."

"कसलं वळण नि कसलं काय! उपाशी ठेवते स्वतःला."

"छे! माझी मावशी मुदपाकखान्यात आहे. चांगल्या पुऱ्या हाणते म्हणे."

"मग अंगी का लागत नाही? करणी असेल."

"करणी कसली? असं मूळचं सडपातळ असायला भाग्य लागतं बाई!"

एवढं बोलून बाया घरी जात आणि आपल्या लेकींवर खेकसत, "बघ जरा राजकन्येकडे, आणि तो लाडू खाली ठेव." शाबास! एका पोरीच्या हाडांवर अख्ख्या नगराची भांडणं.

राणी मेघवतीचा तर जीव लेकीत अडकलेला. ती सकाळी म्हणे, "बाळे, गळ्याची हाडं दिसतात. तूप घे." आणि तीच दुपारी म्हणे, "बाळे, तुळा जवळ आली. तूप बेतानं घे." कुंदावती तुपाची वाटी हातात धरून बसे. घ्यावं की ठेवावं? सकाळची आई खरी की दुपारची? वाटीतलं तूप थिजून जाई.

एके दिवशी दासीनं सहज विचारलं, "ताईसाहेब, भूक लागली का?"

कुंदावतीनं पोटावर हात ठेवला. बंद घराची कडी वाजवावी आणि आतून कुणी ओ देऊ नये, तसं झालं. ती म्हणाली, "थांब हं, आईसाहेबांना विचारून सांगते."

आपल्याला भूक लागली की नाही हे विचारायला ती खरोखर आईच्या महाली गेली. अर्ध्या जिन्यात तिला कळलं की आपण काय विचारायला चाललो आहोत, आणि ती भिऊन तिथंच पायरीवर बसली.

त्या वैशाखात तुळा झाली. पाट्या नाहीत, पाटी नाही, एका परडीत पारडी सारखी झाली. लोकांनी आधी जयजयकार केला, मग ते गप्प झाले, मग तिप्पट बोलू लागले. इतक्यात वाऱ्याची झुळूक आली आणि राजकन्येचं पारडं झोपाळ्यासारखं हललं. राजा धवलसेन घाबरला. त्यानं भृंगनाथ जादूगाराला बोलावणं धाडलं. या भृंगनाथाच्या सावलीला शेपूट होतं, पण त्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं.

भृंगनाथ म्हणाला, "महाराज, हा शाप आहे."

"कुणाचा?"

"नगराचा. राजकन्येच्या अंगावरून जो जो बोलला, तो तिची चिमूटभर भूक उचलून घेऊन गेला. वाईट बोलणाराही घेऊन गेला, चांगलं बोलणाराही. आता डबा रिकामा आहे."

"उपाय?"

"तीन वस्तू. ज्यात राजकन्येचं रूप दिसणार नाही अशा पाण्याची ओंजळ. ज्याला कधी कुणी तोललं नाही असं फळ. आणि तिला डोळे भरून पाहील, पण तिच्या अंगावरून बोलणार नाही, असं एक तोंड."

"आणि नाही मिळालं तर?"

"पुढच्या तुळेला पारडं वर जाईल, ते खाली यायचं नाही. राजकन्या वाऱ्यावर जाईल."

"मी सैन्य पाठवतो!"

"महाराज, भूक तिची. पायही तिचेच लागतील."

कुंदावती पुढे झाली. "नाथजी, एवढं सांगा. मी मूळचीच बारीक, की या शापानं बारीक?"

"ते मला दिसत नाही."

"मग कुणाला दिसतं?"

भृंगनाथ आपल्या सावलीच्या शेपटाकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी राजकन्या निघाली. वेशीवर एक टिटवी बसली होती. ती म्हणाली, "टिटिव टिव! काय गं काडी, कुठं निघालीस?"

"तूसुद्धा?"

टिटवी ओशाळली. "चुकलं बाई. नगरात राहते ना, जीभ तशीच वळते. चल, वाट दाखवते."

पाणी शोधत दोघी सरोवरांच्या मुलखात आल्या. तिथली सरोवरं बोलत. स्फटिकसर म्हणालं, "अहाहा! काय शेलाटी कंबर!" नीलसर म्हणालं, "अरेरे! गाल किती बसले!" दोन्ही पाण्यांत मुलगी एकच होती. कुंदावती एकदा इकडे वाकली, एकदा तिकडे वाकली, आणि कोण खोटं बोलतंय ते तिला काही केल्या कळेना. असं करता करता पावसाळा सरला. शेवटी टिटवी वैतागली. "अगं, किती निरखशील? माझ्यामागून ये." तिनं तिला म्हशींच्या डबक्यावर नेलं. पाणी असं गढूळ की सूर्यसुद्धा त्यात दिसेना. म्हशींनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा रवंथ सुरू केलं. कुंदावतीनं ओंजळभर पाणी तुंबडीत भरलं. तिला तिथून निघावंसंच वाटेना.

मग फळ. आंबे तोलले जातात, केळी तोलली जातात, राजाच्या बागेतलं डाळिंबही तोललं जातं. पण करवंदं? डोंगरच्या बाया ती पानाच्या द्रोणात विकतात, तराजूत कुणी घालत नाही. दोघींनी डोंगर धरला. करवंदं पिकायची वाट पाहत हिवाळा काढला. पिकली तेव्हा जाळीत बघतात तो एक मोठा साप वेटोळं घालून बसलेला.

साप म्हणाला, "घे. पण किती हवीत ते आधी सांग. जास्त मागशील तर डसेन, कमी मागशील तरी डसेन."

कुंदावतीनं विचारलं, "किती घ्यावीत?"

"मला काय विचारतेस? मी साप. मी महिन्यातून एकदा खातो."

"लोक साधारण किती घेतात?"

"ते लोकांना विचार."

"मला ठाऊक नाही," राजकन्या म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं. "मला खरंच ठाऊक नाही. किती पुरे, किती फार, काहीच कळत नाही!"

सापानं फणा खाली केला. "इतक्या वर्षांत खरं बोलणारी तूच पहिली. बाकीचे आकडे सांगत. घे मूठभर, जा." मूठ तिची होती, म्हणून माप तिचंच झालं. हे तिच्या ध्यानात आलं नाही, टिटवीच्या आलं.

आता राहिलं तोंड. अहो, तिथंच तर घोडं पेंड खायला लागलं! वाटेत गुराखी भेटला, तो म्हणाला, "वाऱ्यानं उडशील पोरी." साधू भेटला, तो म्हणाला, "देह मिथ्या आहे, पण तुझा जरा जास्तच मिथ्या दिसतो." एक म्हातारी मायेनं जवळ आली. तिनं कुंदावतीचं मनगट दोन बोटांत धरून मापलं आणि म्हणाली, "मीही अशीच होते गं." चिमटीच चिमटी! वैशाख तोंडावर आला आणि कुंदावती इतकी हलकी झाली की गवतावर पाऊल पडलं तर गवत वाकेना.

समोरच्या डोंगरावरून धूर निघत होता. टिटवी म्हणाली, "तिथं नको. तिथं अजस्रा राक्षसीण राहते. माणसं खाते म्हणे."

"कोण म्हणे?"

"नगरात म्हणतात."

"नगरात माझ्याबद्दलही पुष्कळ म्हणतात," कुंदावती म्हणाली आणि डोंगर चढू लागली.

अजस्रा चुलीपुढे बसली होती. गाडीच्या चाकाएवढी भाकरी ती हातावर थापत होती. तिनं मान वर केली आणि राजकन्येला नखशिखांत न्याहाळलं. कुंदावतीनं डोळे मिटून घेतले. आता बोलेल. काय बोलेल? काडी, हाडं, भाग्य, करणी?

अजस्रा म्हणाली, "ये. जेवलीस का?"

कुंदावतीनं फाडकन डोळे उघडले. एवढ्या वर्षांचा राग उसळून आला. "मी हाडकुळी दिसते म्हणून विचारलंस ना?"

"नाही."

"मग मला पोसून खायचा विचार आहे?"

"नाही गं बाई."

"मग का विचारलंस?"

अजस्रानं डोक्यावरच्या सूर्याकडे बोट केलं. "जेवायची वेळ झाली म्हणून."

कुंदावती मटकन खाली बसली आणि हमसाहमशी रडू लागली. अजस्रा म्हणाली, "रडून घे. तोवर भाकरी होते."

नाचणीची भाकरी, उडदाचं घुटं, फोडलेला कांदा. कुंदावती म्हणाली, "किती खाऊ?"

"मला काय ठाऊक? पोट तुझं."

ती खाऊ लागली. मध्येच कुठंतरी गुर्र झालं. ती दचकली. "वाघ आला!"

"वाघ नाही, तुझं पोट आहे ते."

"एवढीच भूक परत आली?"

"चिमूटचिमूट गेली, तशीच येईल. घाई कसली?"

कुंदावतीनं बोटं चाटली आणि हळूच विचारलं, "मी मूळचीच बारीक आहे का गं?"

"आणि मी मूळचीच एवढी आहे का?" अजस्रा म्हणाली. "माझ्या आईला लोक हेच विचारीत. म्हणून ती मला घेऊन डोंगरावर आली. इथं कुणी विचारीना, मग मीही विसरले. तुला हवं तर विचारत बस."

"मला तुझं तोंड हवंय. नगरात चल."

"तोंड एकटं यायचं नाही. येईन तर सगळी येईन."

आणि अजस्रा सगळी आली. नगरात तुळेचाच दिवस होता. चौक माणसांनी फुलला होता. तिला पाहताच लोक ओरडले, "अबब! केवढी ही!" अजस्रानं पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला. एवढी मोठी राक्षसीण, पण ओढला.

भृंगनाथानं गढूळ पाणी तराजूवर शिंपडलं आणि करवंदं राजकन्येच्या हाती दिली. ती पारड्यात बसली. दुसऱ्या पारड्यात अजून एक कळीही पडली नव्हती, तोच गर्दीला तोंड फुटलं. "आणखी वाळली!" "उलट जरा भरली!" "मूळचीच तशी हो!" आणि पारडं वर निघालं. साखळ्या ताणल्या, तटातट तुटल्या. पारडं माणसांच्या डोक्यांवरून गेलं, निशाणाच्या काठीवरून गेलं. राजा हात पसरून खाली धावत राहिला, राणी मेघवती ऊर बडवीत राहिली. वर कुंदावतीला वारा लागत होता आणि खालचे सगळे आवाज एकात एक मिसळून येत होते. त्यातला आपला कुठला? एकही ओळखीचा वाटेना. आता मी जाणार, तिला वाटलं, आणि मी कशी होते ते मला कधी कळणारच नाही.

तेवढ्यात खालून एक हाक आली. "कुंदे! जेवलीस का गं?"

चौक चिडीचूप झाला. सूर्य डोक्यावर होता. सकाळपासून कुणाच्याच पोटात अन्नाचा कण नव्हता. त्या शांततेत वरून एक आवाज आला. लोकांना वाटलं, ढग गडगडला.

तो ढग नव्हता. कुंदावतीनं पोटावर हात ठेवला, आणि आतून कुणीतरी ओ दिली.

"नाही जेवले!" ती वरून ओरडली. "आणि मला भूक लागली आहे!"

पारडं धप्पकन चौकात येऊन पडलं. त्याच क्षणी गर्दीतल्या ज्याच्या त्याच्या तोंडातून चिमूटभर काहीतरी निसटून गेलं, आणि तोंडं आपोआप मिटली.

राजपुरोहित धावला. "राजकन्ये, उतरू नका! तोल व्हायचा आहे."

"तोल राहू दे," कुंदावती म्हणाली. "आधी जेवते."

ती पारड्यातून उतरली आणि करवंदं तोंडात टाकत पाकशाळेकडे चालू लागली. नगराला काही सुचेना. मग एकाला आठवलं की आपल्यालाही भूक लागली आहे. मग दुसऱ्याला. मग पंगत बसली. अजस्राला चार पाट जोडून दिले, आणि ते कुणी मोजले नाहीत.

राणी मेघवती तूप वाढायला आली. तिनं लेकीच्या गळ्याच्या हाडांकडे पाहिलं, तोंड उघडलं. सकाळचं वाक्य ओठांवर आलं, दुपारचंही आलं. राणीनं दोन्ही गिळली. डोळे पुसले आणि एवढंच विचारलं, "वाढू?"

कुंदावतीनं पोटाला विचारलं. पोटानं सांगितलं.

"वाढ, आई."

असा तो शाप सरला. तराजू बाजारात गेला, त्यात आता कांदे तोलतात. मोगरा बायांच्या वेण्यांत गेला. टिटवी अजून वेशीवर बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला जेवलास का, एवढंच विचारते.

कुणी म्हणेल, सगळं खरं, पण ती राजकन्या पुढे बारीक राहिली की भरली? मूळचीच तशी होती की नव्हती? अहो, मी होतो ना त्या पंगतीत! पण मला काय ठाऊक? मी माझं ताट बघत होतो.