न भाजलेली माती

एका राज्यात औषधांसाठी माती भाजण्याची रीत होती. राजवैद्य धरणीधर आधी माती भट्टीत भाजत, मग चाळत आणि मगच तीत काविळीवरची भुईआवळी पेरत. रोप कसे, तर एकाही पानावर डाग नाही. एके दिवशी एका जादूगारणीने भट्टीच्या धुरात उभे राहून शाप दिला, "ज्यांना तुम्ही जाळून बेघर केलेत, ते परत येईतो या राज्यात काविळीला उतार नाही!" बेघर कोण झाले, हे कोणालाच कळेना.

त्याच वर्षी वैद्यांची पत्नी सुभद्रा पिवळी पडली.

"मला माझ्या परसातली द्या हो," ती म्हणाली. "तुमची भुईआवळी देखणी, पण नुसतीच कडू. तिच्यात कोणी राहत नाहीसं वाटतं."

वैद्य हसले. त्यांनी वाफ्यातलीच वाटून दिली. सुभद्रा गेली. वैद्यांनी परसदाराला कडी घातली.

तिसऱ्या वर्षी राजकन्या मृणाळवतीचे डोळे हळदीसारखे झाले.

"वैद्यराज, एकच लेक आहे," राजा एवढेच बोलला.

वैद्य घरी आले, तो कुंपणावरचा तांबट पक्षी म्हणाला, "तीन वर्षं टुकटुक करतोय. वैद्यबुवा, स्वतःच्या कानांना काही औषध? ऐका आता. भट्टी विझवा."

त्यांनी विझवली.

"चाळणी मोडा."

मोडली.

"परसदार उघडा."

"ते नको. तिथं तिचं खुरपं आहे."

"म्हणूनच तिथं कोणी काही भाजलं नाही."

बऱ्याच वेळाने कडी निघाली. गंजलेल्या खुरप्याभोवती भुईआवळी आपसूक माजली होती. पाने डागाळलेली. वैद्यांनी एक देठ मोडला. आतून दोऱ्याहून बारीक बुरशी बोलली, "आम्ही हिच्या पोटात राहतो. यकृताला जपणारा रस आम्ही नि ही मिळून करतो. तुमच्या भट्टीत आमची घरंच्या घरं जळाली."

"हे... सुभद्रेला ठाऊक होतं?"

"नव्हतं. तिनं आम्हाला फक्त राहू दिलं."

राजकन्येने तीन सकाळी तो रस घेतला. चौथ्या सकाळी तिच्या डोळ्यांतला पिवळेपणा गेला, शाप उतरला. परसातली मूठमूठ माती राज्यातल्या प्रत्येक वाफ्यात गेली आणि घराघरांतली कावीळ ओसरली.

वैद्य आता दिवस कलताना परसात बसतात. डागाळलेले एक पान चावतात.

"अगं," खुरप्याशेजारच्या रिकाम्या जागेला ते हळूच सांगतात, "हिच्यात राहतं कोणीतरी."